भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतींना बुरशी: खर्च मालकाचा, भाडेकरूचा की सोसायटीचा?

तिसरा_मजला (प्रश्न)

ठाण्यातली सात मजली इमारत, साधारण २००४ सालची. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, ११ महिन्यांचा, १ एप्रिलपासून. लॉक-इन (तोवर घर सोडता येत नाही) सहा महिने, म्हणजे सप्टेंबरअखेर संपेल. जुलैपासून तीन ठिकाणी बुरशी आहे.

१) मोठ्या बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत. स्कर्टिंगपासून अडीच फुटांपर्यंत रंगाचे पोपडे, खाली पांढरी भुकटी, त्यावर हिरवट-काळे डाग.

२) त्याच खोलीची पश्चिमेकडची बाहेरची भिंत. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून तिरका ओला पट्टा. जोराचा पाऊस झाला की पाच-सहा तासांत गडद होतो.

३) दुसऱ्या बेडरूममध्ये कपाटामागे. ही भिंत दोन्ही बेडरूमच्या मधली. बारीक काळे ठिपके, पण हाताला ओल लागत नाही. पलीकडच्या खोलीत रात्रभर एसी असतो, २० अंशांवर.

मालकांचं म्हणणं: तुम्ही खिडक्या उघडत नाही, एसी लावता, घरात कपडे वाळत घालता, म्हणून बुरशी आली, घर सोडताना पूर्ण रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापू. सोसायटी म्हणते, गळती फ्लॅटच्या आतली आहे, आमचा संबंध नाही. करारात एवढंच आहे: "किरकोळ दुरुस्ती लायसन्सी करेल, मोठी दुरुस्ती लायसन्सर करेल." (लायसन्सी म्हणजे मी, लायसन्सर म्हणजे मालक.)

घरात दम्याचा रुग्ण आहे, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबता येणार नाही. जबाबदारी कोणाची, आणि ती सिद्ध कशी करायची? स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून पैसे वळते करता येतात का?

---

गिलावा

तुम्ही तीन जागा वेगवेगळ्या लिहिल्यात हे फार बरं केलंत. हा एक आजार नाही, तीन आहेत. मालक तिन्हींना एकच कारण लावतायत, घोळ तिथेच आहे. बुरशी हवेतून सगळीकडेच येते, पण पाणी मिळेल तिथेच वाढते. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. ज्याचं पाणी, त्याची जबाबदारी.

पहिली भिंत. पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाणी विटांतून, गिलाव्यातून झिरपताना त्यातले क्षार विरघळवून आणतं आणि पृष्ठभागावर वाळलं की ते क्षार मागे राहतात. हवेतल्या दमटपणाचं पाणी भिंतीवर बाहेरून बसतं, ते भिंतीतून आलेलं नसतं, त्यामुळे त्याने लोणा येत नाही. खात्री करायची तर भुकटी चमच्यात घेऊन दोन थेंब पाणी टाका. क्षार विरघळेल, बुरशी विरघळणार नाही. लोणा ठरला की "एसी लावता म्हणून" हे कारण या भिंतीपुरतं संपलं.

ओल स्कर्टिंगपासून वर चढतेय, म्हणजे संशय तुमच्याच फ्लॅटच्या बाथरूमवर. वरच्या मजल्याचं बाथरूम गळत असतं तर ओल छताकडून खाली आली असती. गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाच्या उंचीवर किंवा उभ्या रेषेत असती तर भिंतीतल्या पाइपवर बोट ठेवलं असतं. या काळातल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब आठ ते बारा इंच खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर लादी बसवलेली असते. लादीच्या सांध्यातलं सिमेंट झिजलं किंवा न्हाणी ट्रॅपभोवतीचा (लादीतल्या पाणी जायच्या तोंडाभोवतीचा) सांधा सुटला की रोजचं पाणी त्या भरावात उतरतं. खालचं वॉटरप्रूफिंग शाबूत असलं तरी खड्ड्याची टाकी होते. ती भरली की पाणी कडेच्या भिंतीत शिरतं आणि विटा ते वर ओढतात.

चाचण्या दोन, याच क्रमाने:

आधी पाइप. सगळे नळ बंद करून प्लंबरकडून त्या बाथरूमच्या लाइनला हातपंपाने दाब द्यायला लावा. तिसऱ्या मजल्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत साधारण १५ मीटर उंची धरली तर रोजचा दाब सुमारे दीड किलो (प्रति चौरस सेंटिमीटर). चाचणी त्याच्या दीडपटीवर, म्हणजे सव्वादोन-अडीच किलोवर. काटा तासभर हलला नाही तर थंड पाण्याची लाइन ठीक. गिझरकडून येणारी गरम पाण्याची लाइन वेगळी तपासायची, ती हमखास विसरली जाते. आणि लाइन जुन्या जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर प्लंबरला पाच-सहा किलो दाब देऊ देऊ नका. गंजलेला सांधा चाचणीतच सुटेल आणि मग तो तुम्हीच फोडला म्हणतील.

मग लादी. न्हाणी ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसवा. उंबरठा ओलांडणार नाही इतकं, एक-दोन इंच पाणी भरून ठेवा. कडेला पेन्सिलने पातळीची खूण करून वेळ घातलेला फोटो काढा. २४ तासांनी परत फोटो. बाष्पीभवनाने दोन-चार मिलिमीटर उतरेल, तेवढं सोडून द्या. सेंटिमीटरभर किंवा जास्त उतरलं तर पाणी खाली जातंय. भरण्याआधी खालच्या फ्लॅटवाल्यांना सांगा आणि त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो त्यांच्याकडूनच मागून घ्या. तिथे आधीच ओल असेल तर तुमची बाजू आणखी पक्की.

दुसरी भिंत तुम्ही स्वतःच ओळखली आहे: पाऊस झाला की गडद. तरी दहा दिवसांची नोंद ठेवा. तारीख, पाऊस किती वाजता, पट्टा किती वाजता गडद झाला, एवढंच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका ओला पट्टा म्हणजे बाहेरच्या गिलाव्याला तिरकी भेग असण्याची शक्यता मोठी. पण आधी सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक बघा. त्यात बाहेरच्या बाजूला पाणी जायची छोटी भोकं असतात. ती धुळीने बुजली की ट्रॅक भरतो आणि पाणी चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत उतरतं. भोकं काडीने साफ करून ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ते लगेच बाहेर पडलं आणि पट्टा तरी पुढच्या पावसात आला, तर मात्र भेगच. खिडकीखालच्या दगडाचा उतार आतल्या बाजूला असेल तर तोही फोटोत घ्या.

तिसरी भिंत हीच खरी तुमच्या वापराची. पावसाळ्यात खोली ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब धरतं तो, सुमारे २६ अंश येतो. पलीकडे २० अंशांचा एसी आणि मध्ये चार इंची विटांची भिंत, तर अलीकडचा पृष्ठभाग रात्रीतून २६-२७ अंशांपर्यंत उतरतो. थेंब दिसत नाहीत, पण भिंतीलगतची हवा जवळजवळ पाण्याने भरलेली असते आणि बुरशीला तेवढं पुरतं. कपाट चिकटून असल्यामुळे तिथे हवा हलतही नाही. एसी २५-२६ वर ठेवा, कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे घ्या, त्या खोलीत कपडे वाळत घालू नका. मशीनमधून निघालेल्या एका धुण्यातून खोलीच्या हवेत दोनेक लिटर पाणी जातं.

मालकांच्या "खिडक्या उघडत नाही" याबद्दल. जुलैत ठाण्यात बाहेरची हवाच ८५-९० टक्के दमट असते. पाऊस चालू असताना खिडकी उघडल्याने घर वाळत नाही, उलट ओलं होतं. उघडीप मिळाली की दुपारी दोन तास उघडा आणि पंखा लावा, बाकी वेळ बंद ठेवलेलीच बरी. आंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्ट वीस मिनिटं चालू ठेवा आणि बाथरूमचं दार बेडरूमकडे उघडं टाकू नका. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या. आकडा दिवसातून दोनदा लिहून ठेवला तर वादात तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल.

---

उपविधी_वाचक

सोसायटीचं उत्तर पहिल्या भिंतीपुरतं बरोबर आहे, दुसऱ्या भिंतीपुरतं चूक.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) मालमत्तेच्या दुरुस्तीचा एक उपविधी आहे. आवृत्तीप्रमाणे क्रमांक पुढेमागे होतो, म्हणून तुमच्या संस्थेची छापील प्रत बघा. त्यात संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या कामांची यादी आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची आणि ड्रेनेज लाइनची गळती, गच्चीतून गळून सर्वात वरच्या मजल्याच्या छताचा आणि गिलाव्याचा झालेला बिघाड, हे सगळं त्या यादीत येतं. यादीबाहेरची कामं सभासदाची. संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांनी सोसायचा, संस्थेने मध्यस्थी करायची.

म्हणजे बाथरूम मालकांचं आणि पश्चिमेची भेग संस्थेची. फक्त खिडकीचा ट्रॅक किंवा मागून बसवलेलं ग्रिल हे कारण निघालं तर ते परत मालकांकडे येतं. बॉक्स ग्रिल बसवताना बाहेरच्या भिंतीत मारलेल्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत येतं, हे पुष्कळदा नजरेतून सुटतं. ग्रिल असेल तर प्रत्येक बोल्टभोवती बघा.

अडचण अशी की लायसन्सी संस्थेचा सभासद नसतो. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला समिती बांधील नाही, आणि मालक नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल संस्थेला द्यायचं) भरतात म्हणून तुम्हाला तक्रारीचा वेगळा हक्क येत नाही. अर्ज मालकांनी करायचा. ते दूर राहत असतील तर तुम्ही मसुदा तयार करून पाठवा, त्यांनी सही करून सचिवांच्या ईमेलवर आणि कार्यालयात द्यायचा. पोच घ्यायची. अर्जात "भिंतीला ओल आहे" इतकंच लिहू नका. असं लिहा: "फ्लॅट क्र. अमुक, पश्चिम बाह्य भिंत, खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुमारे चार फूट तिरकी ओल, पावसानंतर वाढते. बाहेरून पाहणी करून भेगेची दुरुस्ती करावी." सोबत नोंदींचा कागद आणि फोटो. समितीला ठेकेदाराला नेमकी जागा दाखवता आली पाहिजे, नाहीतर विषय पुढच्या सभेवर जातो.

समिती ढिम्म राहिली तर सभासद म्हणून मालकांना सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि वाद वाढला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. पण एका भेगेसाठी त्या वाटेला जावं लागू नये. दोन-तीन सभासदांच्या त्याच बाजूच्या भिंती ओल्या असतील तर त्यांचे अर्ज एकत्र द्या, काम लवकर मंजूर होतं.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक जोड. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे विकासकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. तिथेही कळवणार फ्लॅट विकत घेतलेला मालकच. भाडेकरूने मालकाला ही आठवण वेळेत करून द्यावी. २००४ च्या इमारतीला याचा उपयोग नाही.

---

करारनामा

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात चूक झाली तर महागात पडेल. भाड्यातून परस्पर पैसे कापू नका.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, करारात उलट काही ठरलं नसेल तर. मालकाने दुर्लक्ष केलं तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी मुदतीनंतर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला कमाल मर्यादा त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. हे कलम पुष्कळ लोक तुम्हाला सांगतील. पण ते "भाडेकरू"साठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, तो लायसन्सी. "आमचं नातं खरं तर भाड्याचंच आहे" असा युक्तिवादही चालायचा नाही, कारण कलम २४ च्या स्पष्टीकरणानुसार लेखी लायसन्स करारातल्या गोष्टी निर्णायक पुरावा मानल्या जातात.

मग लायसन्सीकडे काय उरतं? दोन गोष्टी. पहिली, करार. "मोठी दुरुस्ती लायसन्सर करेल" हे वाक्य तुमच्या बाजूचं आहे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि भिंतीतून येणारी गळती यांना किरकोळ दुरुस्ती कोणी म्हणणार नाही. किरकोळ म्हणजे नळाचा वॉशर, फ्लशचा फ्लोट, ट्यूबलाइटचा चोक.

दुसरी, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. लायसन्सची व्याख्या याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे आणि कलम ५७ सांगतं की लायसन्सीच्या शरीराला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरू शकेल असा जागेतला दोष मालकाला माहीत असेल आणि लायसन्सीला नसेल, तर तो उघड करणं मालकावर बंधनकारक आहे. मुख्य पुरावा लागेल तो असा की दोष जुना होता आणि त्यांना माहीत होता. खालच्या फ्लॅटवाल्यांनी गेल्या वर्षी त्यांच्याकडे गळतीची तक्रार केली होती का, ते नम्रपणे विचारा. आणि भिंतीचे थर तपासा. ते कसं, हे रंगकामातल्या कोणीतरी इथे सांगावं.

चाचण्या झाल्या की लगेच मेल पाठवा. व्हॉट्सॅपवर बोलणं चालू राहू दे, पण मूळ कागद ईमेल आणि त्याची प्रत स्पीड पोस्टने, करारात दिलेल्या पत्त्यावर. मजकूर साधा ठेवा:

"आपल्या फ्लॅटमध्ये दि. … रोजी पुढील तीन ठिकाणी ओल आढळली (फोटो जोडले आहेत). जागा १ येथील पांढऱ्या क्षारांवरून आणि बाथरूममध्ये केलेल्या चाचणीवरून पाणी भिंतीतून येत असल्याचे दिसते. जागा २ पावसानंतर ओली होते (नोंदी जोडल्या आहेत). करारातील कलम … प्रमाणे या दुरुस्त्या आपल्याकडे येतात. कृपया १५ दिवसांत पाहणी व दुरुस्तीचे वेळापत्रक कळवावे. पाहणीसाठी शनिवार-रविवारी सकाळी १० ते १ मी उपलब्ध आहे. जागा ३ संदर्भात मी कपाट हलवणे, एसीचे तापमान वाढवणे व भिंत स्वच्छ करणे ही कामे दि. … रोजी केली आहेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्या वाट्याचं आपण केलं हे कागदावर आलं की बाकीच्या दोन भिंतींबद्दल बोलणं सोपं होतं. घरात दम्याचा रुग्ण आहे हेही एका वाक्यात लिहा, म्हणजे धोका कळवलेला होता हे नोंदलं जाईल.

दुरुस्ती तुम्ही करून घ्यावी आणि रक्कम पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्यात वळती व्हावी असं मालक तोंडी मान्य करतील. उत्तम तोडगा आहे, पण ईमेलवर "मान्य" आणि रकमेचा आकडा आल्याशिवाय एक रुपयाही कापू नका. भाडं थकलं की करारभंग तुमचा होतो आणि मूळ तक्रार मागे पडते.

डिपॉझिटबद्दल. तुमच्या करारात "सर्वसाधारण झीज वगळता" अशा अर्थाचे शब्द असतील. असतील तर ११ महिन्यांत फिका पडलेला रंग ही झीज आहे. पूर्ण घराचा रंग तुमच्या माथी मारता येणार नाही. कपाटामागच्या भिंतीचं बिल तुम्ही द्यावं हे मला न्याय्य वाटतं, तेही चौरस फुटांवर मोजून आणि पावती घेऊन. एक गैरसमजही काढतो: भाडे नियंत्रण कायद्यातला सक्षम प्राधिकारी मुदत संपल्यावर मालकाला जागा परत मिळवून देण्यासाठी आहे. गळतीची किंवा डिपॉझिटची तक्रार तिथे चालत नाही, त्यासाठी दिवाणी दावा.

लॉक-इन सप्टेंबरअखेर संपतोय, म्हणजे तुमच्या हातात पर्याय आहे. पुढचा करार याच घराचा असो वा दुसऱ्या, त्यात या गोष्टी घाला: गळती कळवल्यावर ७ दिवसांत पाहणी आणि ३० दिवसांत काम सुरू, न झाल्यास लॉक-इन असला तरी १५ दिवसांच्या सूचनेवर घर सोडण्याची मुभा आणि पूर्ण डिपॉझिट परत, ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे फोटो कराराला जोडलेले. लायसन्सीसाठी कायद्यात दिवसांचा आकडा नाही, म्हणून तो करारात लागतो. मालक लोक या अटींना सहसा हरकत घेत नाहीत. कोणी मागतच नाही, म्हणून त्या छापील मसुद्यात नसतात.

---

तिसरा_मजला

तुम्हा तिघांचे आभार. चार दिवसांत एवढं झालं:

पाइपची चाचणी: अडीच किलोवर एक तास, थंड आणि गरम दोन्ही लाइनचा काटा स्थिर.
पाणी भरून: २४ तासांत १९ मिलिमीटर उतरलं. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओला गोल डाग, त्यांनी फोटो दिला.
खिडकीचा ट्रॅक: भोकं बुजलेली होती, साफ केली. पट्टा त्यानंतरच्या पावसातही आला.
भुकटी पाण्यात विरघळली.

मालकांना मेल गेली. त्यांचं उत्तर: "सध्या बाथरूमच्या सांध्यात एपॉक्सी भरून देतो, बेडरूमला पुट्टी मारून रंग देतो, दिवाळीआधी सगळं नीट होईल." हे मान्य करावं का? आणि तोपर्यंत बुरशी साफ कशी करायची?

---

गिलावा

एपॉक्सी मान्य करा, पण ट्रॅपभोवतीचा सांधा उकरून नव्याने भरायला सांगा. नुसत्या लादीच्या रेषा भरून १९ मिलिमीटर थांबेलच असं नाही. काम झाल्यावर २४ तास बाथरूम कोरडं ठेवून पाणी भरण्याची चाचणी परत करा. पातळी टिकली तर वरून पाणी जाणं थांबलं.

यानंतर भिंत लगेच वाळणार नाही. भरावात साठलेलं पाणी निघायला कित्येक आठवडे लागतात, आणि त्या काळात "एपॉक्सी फुकट गेलं" असं सगळ्यांना वाटतं. निर्णय पातळीच्या खुणेवर घ्या, भिंतीच्या रंगावर नको. चाचणीत पुन्हा पाणी उतरलं तर लादी आणि भराव काढून वॉटरप्रूफिंग नव्याने: पॉलिमर-सिमेंटचे दोन आडवे-उभे हात, भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा-सात फूट वर, आणि लादी बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून तपासणी. ते काम आठ-दहा दिवसांचं आहे, दुसरं बाथरूम असेल तर घरात राहून होईल.

बाहेरची भेग पावसात कोणी भरून देतो म्हणाला तर नको म्हणा. भेग इंग्रजी व्हीच्या आकारात सेंटिमीटरभर खोल उकरून, धूळ काढून, कोरड्या भिंतीतच भरायची असते. ऑक्टोबर उजाडल्याशिवाय ते टिकत नाही. संस्थेकडून मंजुरी आणि ठेकेदार मात्र आत्ताच ठरवून ठेवायला लावा.

---

ब्रश_आणि_पट्टी

वर थरांबद्दल विचारलंय, त्यापासून सुरू करतो. पहिल्या भिंतीवर कडेला दोन बाय दोन इंचाचा चौकोन कटरने आखा आणि पत्र्याच्या पट्टीने एकेक थर हळू काढा. प्रत्येक थराला फोटो, शेजारी मोजपट्टी. वरचा रंग, पुट्टी, त्याखाली जुना रंग आणि त्या जुन्या रंगावर काळे डाग निघाले, तर बुरशीवरूनच पुट्टी फिरवून घर भाड्याने दिलं होतं. एप्रिलमध्ये राहायला आलेल्या माणसाची बुरशी पुट्टीच्या खाली असू शकत नाही. मालकांना सांगून, ते आले असतानाच हा चौकोन काढलात तर सगळ्यात चांगलं.

म्हणूनच आत्ता पुट्टी आणि रंग घेऊ नका. ओल्या भिंतीवरची पुट्टी ओल आत कोंडते. दिवाळीला भिंत छान दिसेल, मालक फोटो काढून ठेवतील आणि फेब्रुवारीत पोपडे आले की ते तुमच्या वापराने आले असं होईल. भिंत सोलून उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसते, पण वाळते.

साफ करण्याची रीत. कोरड्या ब्रशने घासणं ही सर्वात मोठी चूक, बीजं खोलीभर उडतात. दम्याचा रुग्ण त्या वेळी घरात नको आणि दोन-तीन तास नंतरही नको. काम करणाऱ्याला एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा आणि एसी बंद. डागावर आधी साबणाचं पाणी फवारून ओलं करा, मग कापडाने पुसा. कापड एकाच बाजूने एकदाच वापरायचं, पिशवीत भरून तोंड बांधून टाकायचं. कपाटाची मागची फळी विसरू नका. प्लायला खोल डाग असेल तर ती बदलावी लागते, पुसून जात नाही.

ब्लीच फक्त बाथरूमच्या टाइल्सवर: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. गिलाव्यावर ब्लीचचा फारसा उपयोग नाही, ते वरवर राहतं आणि त्यातलं पाणी आत मुरतं. आणि संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचजवळही आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये त्याने माणूस गुदमरतो, दमा असणाऱ्याला तर थोडाही पुरे.

दहा चौरस फुटांपर्यंतचं काम घरी होतं. त्याहून मोठ्या डागाला जाणकार माणूस बोलवा.

लोणा आलेल्या भिंतीला वेगळं काम आहे. पोपडे आणि पुट्टी दिसणाऱ्या डागाच्या फूटभर पलीकडेपर्यंत काढा. क्षार कोरड्या नायलॉन ब्रशने झाडा, पण बुरशी आधी ओल्या कापडाने पुसून झाल्यावरच. पाण्याने धुतलं तर क्षार परत गिलाव्यात जातो. गिलावा बोटाने भुसभुशीत लागत असेल तर तेवढा तुकडा विटेपर्यंत काढून नवा करावा लागेल, आणि तो मालकांच्याच खर्चात धरायचा. या भिंतीला पीओपी नको, ते पाणी पितं. सिमेंटची पुट्टी घ्या.

तोवर खोलीत दिवसाला दहा-बारा लिटर पाणी ओढणारं डीह्युमिडिफायर भाड्याने मिळालं तर लावा. खिडक्या-दारं बंद करूनच चालवायचं, नाहीतर ते ठाण्याची हवा वाळवत बसतं. त्याचं भाडं आणि वीज कोणी द्यायची हे मेलवर आधी ठरवून घ्या.

रंगाची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. नवरात्र उलटलं की सोललेल्या भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक चारी कडांना टेप लावून चिकटवा, दोन दिवस ठेवा. काढल्यावर मागच्या बाजूला थेंब किंवा भिंतीवर गडद चौकोन दिसला तर आणखी तीन आठवडे थांबा आणि परत लावा. मागची बाजू कोरडी निघाली की प्रायमर.

---

तिसरा_मजला

चौकोन रविवारी मालकांसमोर काढला. पुट्टीखाली जुना पिस्ता रंग आहे आणि त्यावर काळे डाग. फोटो दोघांनीही काढले. ट्रॅपचं काम आणि एपॉक्सी या आठवड्यात त्यांच्या खर्चाने ठरलंय, संस्थेला अर्ज त्यांनी सही करून दिला, पोच मिळाली. कपाटामागच्या भिंतीचं बिल मी देणार, १४ चौरस फूट. पुट्टी प्लॅस्टिकची चाचणी झाल्यावरच, हे त्यांनी मेलवर मान्य केलं.

---

करारनामा

त्या मेलची पीडीएफ करून कराराच्या प्रतीसोबत ठेवा, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लॉक-इनबद्दल वेगळी मेल लिहा: दुसऱ्या पाणी-चाचणीत पातळी उतरली आणि लादी काढायचं काम ऑक्टोबरअखेरपर्यंत सुरू झालं नाही, तर १५ दिवसांच्या सूचनेवर घर सोडता येईल. आत्ता बोलणी गोडीत चालू आहेत, तोवरच हे मिळतं.